बालासन करताना काय काय सांभाळायचं?

मंदवारा:

नमस्कार मंडळी. शीर्षासन, सर्वांगासन, चक्रासन यांचा विषय निघाला की "जपून हं" असं सगळेच सांगतात. बालासनाबद्दल कुणी सांगत नाही. दोन अवघड आसनांच्या मधे "दमला असाल तर बालासनात या" एवढंच कानावर पडतं आणि आपण गुडघे दुमडून, कपाळ टेकून मोकळे होतो. माझा गुडघा दुखावला तो अशाच विश्रांतीत, म्हणून हा धागा काढते आहे.

झालं असं, की माझे नितंब टाचांना टेकत नाहीत. चांगले वीतभर वर राहतात, पहिल्यापासून तसंच आहे. एका वर्गात शिक्षकांनी मागून येऊन माझ्या माकडहाडावर तळहात ठेवला आणि "सोडा, अजून सोडा" म्हणत हलकाच दाब दिला. उजव्या गुडघ्यात आतल्या बाजूला टक् असा आवाज आला. त्या क्षणी काही दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पहिल्याच पायरीवर गुडघा अडकला. आतल्या गादीला बारीक चीर गेली होती. शस्त्रक्रिया टळली, पण पुन्हा जमिनीवर मांडी घालून बसता यायला चार महिने गेले.

दाब येत होता तेव्हा मी "नको" म्हणाले नाही, याची चुटपुट अजून आहे. बालासनात आपला चेहरा खाली असतो. शिक्षकांना तो दिसतच नाही, त्यामुळे आपण तोंडाने बोललो नाही तर दुखतंय हे त्यांना कळायला काही मार्ग नाही. पाठीवर हात पडला की "दाब नको" असं स्पष्ट म्हणा. वाईट कुणालाच वाटत नाही.

आता मी कसं करते ते लिहिते. आधी मॅटवर जाड ब्लँकेटची घडी, गुडघे आणि नडग्या दोन्ही मावतील एवढी. पावलांची वरची बाजू जमिनीला टेकताना घोट्यात ताण येत असेल तर घोट्याच्या पुढच्या खोलगट भागाखाली छोट्या टॉवेलची गुंडाळी सरकवते, बोटं मागे मोकळी. गुडघे कमरेपेक्षा थोडे जास्त लांब, पायांचे अंगठे एकमेकांना लागलेले. मग नितंब आणि टाचा यांच्यामधे उशी. उशी किती जाड, तर बसल्यावर अंगाचं वजन उशीत उतरतंय असं वाटेल इतकी. गुडघ्यात वजन जाणवलं तर दुसरी उशी.

इथे लगेच पुढे वाकायचं नाही. ताठ बसून तीन-चार श्वास घ्यायचे आणि गुडघ्यांकडे लक्ष द्यायचं. इथेच कुरकुर असेल तर वाकल्यावर ती कमी होणार नाही.

मग हात जमिनीवर ठेवून एकेक पाऊल टाकल्यासारखे पुढे न्यायचे, पाठ गोल न करता खुब्यातून वाकत. कपाळ कुठे येणार ते आधी बघून तिथे आधार ठेवायचा. माझ्यासाठी एकावर एक ठेवलेल्या दोन मुठी पुरतात. कपाळच टेकायला हवं, भुवयांच्या वरचा सपाट भाग. टाळूकडचा भाग टेकत असेल तर मानेवर वजन येतंय, आणि डोकं अधांतरी लोंबत असेल तर मानेचे स्नायू सैल पडतच नाहीत. मला एक खूण सापडली आहे: या स्थितीत आवंढा गिळून बघा. सहज गिळला गेला तर मान बरोबर आहे. घशात अडखळल्यासारखं झालं तर आधार थोडा उंच करा.

बाकी पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन-चार तास तरी जाऊ द्यावेत. सुरुवातीला पाच-सहा श्वास पुरेत, सवयीने दोन-तीन मिनिटांपर्यंत.

तुमचे अनुभव लिहा. चुकीचं काही सांगितलं असेल तर तेही लिहा.


सायली_वाचते:

आवंढ्याची खूण आत्ता खाली बसून करून पाहिली. माझं डोकं इतकी वर्षं लोंबतच होतं! उशी घेतली आणि जबडासुद्धा सैल पडला. खूप आभार.


नितळ:

छान धागा. माझी शंका आहे. मला काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत रोज थेंब घालतो. वय ५८. डोळ्यांच्या डॉक्टरांनी शीर्षासन बंद करायला सांगितलं, ते केलं. बालासनाबद्दल मी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत. डोकं खाली जातंच ना यातही?


पाठकणा:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोजचं काम पाठ आणि गुडघ्यांचंच. मंदवारा, तुमची पद्धत चांगली आहे. थोडी भर घालतो.

आधी नितळ यांच्यासाठी. डोकं हृदयापेक्षा खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो आणि सरळ बसल्यावर काही मिनिटांत तो पुन्हा उतरतो. निरोगी डोळ्याला ही चढउतार झेपते, काचबिंदूत दृष्टीची नस आधीच नाजूक झालेली असते. बालासनात डोकं शीर्षासनाइतकं खाली जात नाही, पण जमिनीला टेकवलं तर हृदयाच्या खाली जातंच. तेव्हा डॉक्टरांना हा प्रश्न याच शब्दांत विचारा. परवानगी मिळाली तरी डोकं जमिनीवर नेऊ नका. समोर खुर्ची ठेवून तिच्या बैठकीवर उशी, त्यावर दुमडलेले हात आणि हातांवर कपाळ, म्हणजे डोकं छातीच्या वरच राहतं. आणि डोळ्यांवर किंवा डोळ्यांच्या खोबणीवर उशीचा दाब येऊ देऊ नका. पडदा सरकलेला असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर तूर्त नकोच. बीपी आटोक्यात नसेल त्यांनीही हाच खुर्चीचा प्रकार करावा.

आता गुडघा. सपाटीवर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो, जिना चढता-उतरताना ९० च्या आसपास. टाचांवर बसायला मात्र १५० अंशांच्या घरात वाकावा लागतो. दिवसभरात आपण जे कधीच करत नाही ते 'विश्रांती' म्हणून एकदम करतो, वर अख्ख्या धडाचं वजन देतो. अशा वेळी मांडीचं आणि नडगीचं हाड मागच्या बाजूला जवळ येतात आणि मधल्या गादीचा मागचा भाग चिमटीत सापडतो. मंदवारा यांना ऐकू आलेला आवाज तोच असणार. उशी घेतल्याने हे वाकणं २०-३० अंशांनी कमी होतं, आणि तेवढ्याने खूप फरक पडतो. गुडघा बदललेला असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाचांवर बसायचंच नाही.

कंबरेबद्दल जरा जास्त लिहितो, कारण "पाठ दुखते, बालासन करू का?" हा प्रश्न मला दिवसातून एकदा तरी येतो आणि त्याचं एकच उत्तर नाही. मणक्यांच्या मधली चकती सरकली असेल आणि कळ नितंबातून पायात उतरत असेल, तर पुढे वाकल्यावर चकतीतला मऊ गर मागच्या बाजूला ढकलला जातो. नसाही तिकडेच आहेत. अशा बऱ्याच जणांचं दुखणं बालासनात वाढतं. याउलट, वयानुसार मणक्यातली नसांची वाट अरुंद झाली असेल तर पुढे वाकल्यावर ती वाट थोडी मोकळी होते. अशी माणसं चालता चालता थांबून कठड्यावर ओणवी होतात, कारण त्यांना त्यानेच बरं वाटतं. त्यांना बालासनही बहुतेक मानवतं. दोघांचीही तक्रार "कंबर दुखते, पायात कळ जाते" हीच, आणि आसन मात्र एकाला तारक, दुसऱ्याला मारक. म्हणून शेजाऱ्याला फरक पडला हे कारण पुरेसं नाही.

स्वतःपुरती चाचणी अशी: आसनात असताना आणि उठल्यावर कळ कुठे आहे ते बघा. पायातून वर सरकून कमरेत आली तर ठीक. कमरेतून खाली, पोटरीकडे, पावलाकडे पसरली तर लगेच थांबा आणि दाखवून घ्या.

चकतीचा त्रास असणाऱ्यांनी सकाळी उठल्या उठल्या वाकू नये, तासभर तरी जाऊ द्यावा. रात्रभर आडवं राहिल्याने चकत्यांमधे पाणी भरून त्या फुगलेल्या असतात, वाकल्यावर ताण जास्त बसतो. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालेल्यांनी पाठ गोल करून वाकणं टाळावं. मणक्याचा पुढचा भाग दबून पाचरीसारखा होण्याची भीती असते.


धावपटू_जुना:

माहिती चांगली आहे, पण मला थोडं वेगळं वाटतं. इतक्या उशा, टॉवेल, खुर्च्या घेतल्या तर ते आसन राहतं का? मी तीस वर्षं करतो आहे. सुरुवातीला गुडघे दुखलेच, सहन केलं, मग सवय झाली. थोडी कळ सोसल्याशिवाय अंग मोकळं होत नाही.


मंदवारा:

धावपटू, तुमच्या तीस वर्षांबद्दल मनापासून आदर आहे. दंड-बैठका किंवा धावणं असतं तर तुमच्या म्हणण्याला मी हो म्हटलं असतं. पण हे आसन आपण करतो ते दमलेल्या शरीराला थांबता यावं म्हणून. कळ सोसताना श्वास रोखला जातो, दात आवळले जातात, खांदे कानापाशी येतात. मग विश्रांती कुणाला मिळाली? स्नायूचा ताण आणि सांध्यातलं दुखणं यांत फरकही आहे. मांडीच्या पुढच्या भागात, पाठीच्या कडांना ओढल्यासारखं वाटणं हा ताण, तो श्वासागणिक कमी होतो. गुडघ्याच्या आत टोचणं, चमक निघणं हे सवयीने जाणारं दुखणं नव्हे. मी ते अंगावर काढून बघितलं आहे.

"ते आसन राहतं का" याबद्दल थोडं. हठप्रदीपिकेत १५ आसनं सांगितली आहेत. त्यांत शवासन आहे, बालासन या नावाचं आसन नाही. घेरंडसंहितेतल्या ३२ आसनांतही हे नाव येत नाही. तेव्हा बिनउशीचं तेवढंच खरं, असा आग्रह धरण्याजोगं जुनं मोजमाप निदान या दोन ग्रंथांत तरी नाही.


सायली_वाचते:

शशांकासन आणि बालासन एकच का? आमच्याकडे दोन्ही शब्द वापरतात.


मंदवारा:

शेवटची स्थिती जवळपास सारखीच. शशांकासन शिकवताना बहुतेक ठिकाणी वज्रासनात बसून, श्वास घेत हात वर, मग श्वास सोडत हातांसकट पुढे, असं शिकवतात. म्हणजे त्यात हालचाल आणि श्वासाची सांगड आहे. बालासनात फक्त निवांत पडून राहणं, हात अंगालगत मागे ठेवले तरी चालतात. खांदा आखडलेल्यांनी हात मागेच ठेवावेत, तळवे वर. आणि वज्रासन जेवणानंतर चालतं म्हणून बालासनही चालेल असं नाही. यात पोट मांड्यांवर दाबलं जातं, जळजळ होते.


ओंजळभर:

मला पाचवा महिना सुरू आहे. आधी रोज बालासन करायचे. डॉक्टरांनी हलकी आसनं करायला हरकत नाही म्हटलंय. पोटावर दाब न येता कसं करू?


पाठकणा:

ओंजळभर, अभिनंदन. डॉक्टरांना या आसनाचं नाव घेऊन एकदा विचारा, आणि रक्तस्राव, चक्कर, वार खाली असणं यांपैकी काही असेल तर करू नका. परवानगी असेल तर गुडघे पोट मधे सहज मावेल इतके लांब घ्या आणि पुढे जमिनीपर्यंत जाऊ नका. समोर दोन-तीन घट्ट उशांची रास लावून छातीचा वरचा भाग आणि डोकं त्यावर सोडा. पोट मधल्या मोकळ्या जागेत राहिलं पाहिजे, उशीला टेकता कामा नये. या दिवसांत सांध्यांचे बंध सैल झालेले असतात. गुडघे पूर्वीपेक्षा जास्त लांब जातील, पण जातात म्हणून नेऊ नका.

शेवटच्या शवासनाबद्दलही सांगतो. पाचव्या महिन्यापासून पुढे उताणं झोपून ते फार वेळ करू नये. गर्भाशयाचं वजन पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, गरगरल्यासारखं होतं. डाव्या कुशीवर वळा, वरच्या गुडघ्याखाली उशी घ्या. विश्रांती तेवढीच मिळते.


हिरवळ:

गुडघ्याच्या मागच्या खळगीत टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवली तर सांध्यात जागा होते असं मला शिकवलं होतं. मंदवारा यांनी ते लिहिलं नाही. बरोबर आहे का?


पाठकणा:

घट्ट नको. त्या खळगीतून पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा जातात. पातळ, मऊ घडी मांडी आणि पोटरीच्या मधे पूर्ण रुंदीभर ठेवली तर चालेल, पण खरा आधार नितंबांखाली.

नसांवरून आठवलं. पायांना मुंग्या आल्या तरी "होईल बरं" म्हणून बसून राहू नका. १९७१ मधे एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका विद्यार्थ्याची नोंद आली होती. तो रोज तासन् तास टाचांवर बसायचा, आणि हळूहळू त्याला पावलं वर उचलणं, जिना चढणं, धावणं जड जाऊ लागलं. पायाकडे जाणारी नस दाबली जात होती. तसं बसणं सोडल्यावर तो सुधारला. दोन-तीन मिनिटांच्या बालासनाने असं काही होत नाही, पण मुंग्या ही नसेची हाक आहे. आणि बधिर पायावर लगेच उभं राहू नका. जमीन कळत नाही, घोटा मुरगळतो. पाय पुढे पसरून, पावलं गोल फिरवून, संवेदना पूर्ण परत आल्यावरच उठा.


मंदवारा:

उठण्याचा विषय निघाला ते बरं झालं, मी वर लिहायचं विसरले. वर्गात "चला, पुढचं आसन" म्हटलं की सगळे झटक्यात उठतात. निम्म्यांना अंधारी येते. हात खांद्यांखाली आणायचे, तळवे रोवायचे, श्वास घेत आधी कंबर, मग पाठ, मग खांदे आणि सगळ्यात शेवटी डोकं. बसल्यावर दोन श्वास थांबून मगच उभं राहायचं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर चार श्वास थांबा.

माझ्या सासूबाईंचंही लिहिते. त्या ७६ वर्षांच्या, दोन्ही गुडघे झिजलेले, जमिनीवर बसणं बंद. मी घरात आसनं करायला लागले की त्या दारात उभ्या राहून बघत. एकदा म्हणाल्या, "ते पडून राहायचं तेवढं मला जमलं असतं." मला चटका लागला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाजवळ हात नसलेली, न हलणारी खुर्ची ठेवली, मागची बाजू भिंतीला टेकवून. त्यांना पुढे सरकून बसायला सांगितलं, पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली, गुडघ्यांमधे अंतर. टेबलावर दोन उशा, त्यावर घडी घातलेले हात, हातांवर कपाळ. पहिल्यांदा उशा कमी पडल्या, पाठ ताणली गेली. तिसरी ठेवल्यावर त्यांचे खांदे खाली आले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, दाबायला नाही, फक्त ठेवायला. आणि सांगितलं की श्वास माझ्या हाताकडे पाठवा. तीन-चार श्वासांनंतर मागच्या बरगड्या हाताखाली हळूच रुंद व्हायला लागल्या. बालासनातही नेमकं हेच होतं. पोटाला पुढे जायला जागा नसते म्हणून श्वास पाठीकडे वळतो, आणि उच्छ्वास आपोआप लांबतो.

आता रोज संध्याकाळी त्या स्वतःच उशा काढून ठेवतात.


धावपटू_जुना:

मंदवारा, तुमचं वाचून काल पहिल्यांदाच एक उशी घेऊन केलं. श्वास खरंच पाठीत गेला. इतक्या वर्षांत तो कधी जाणवला नव्हता. डावा गुडघा थोडा सुजतो अधूनमधून, तोही दाखवून घेतो.


पाठकणा:

सूज येत असेल तर लवकर दाखवा. तोवर टाचांवर बसणं पूर्ण बंद. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, गुडघा ९० अंशांवर राहील. पाच मिनिटं तसं पडून राहा.


नितळ:

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, डोकं छातीच्या वर राहत असेल तर करा, ओणवं होऊन खाली नको. पुढच्या तपासणीत डोळ्यांचा दाब बघून पुन्हा बोलू म्हणाले. खुर्चीची बैठक मला कमी उंच पडत होती, मग तिच्यावर दोन जाड उशा ठेवल्या. आवंढा नीट गिळता येतो.